घरटी एक

चांगूआय कधी खुर्चीवर बसली नाही. एकदा शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवली, तर ही म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिकडंच. खुर्चीत बसलेला मानूस मग उठत नाय." साहेबांना वाटलं, हा टोमणा आहे. तो टोमणाच होता.

ती आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायची. शाळा कासूच्या पुढे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका गावात होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आता तिथे चौकशीला गेलात तर सांगायला फारसं कुणी भेटणार नाही. मी राहायला वरसेला. रोज सकाळी रोह्याहून गाडी धरायची, कासूला उतरायचं, मिनिडोर रिक्षा मिळाली तर ठीक, नाहीतर दोन्हीकडे खाऱ्या चिखलाचं खाजण आणि मध्ये आपण, असं चालत सुटायचं. रुजू झाले त्या दिवशी चांगूआयने मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्यादेखत सरांना विचारलं, "ही किती दिस टिकंल?" आमचे मुख्याध्यापक सर भिडस्त माणूस. "टिकतील, टिकतील," असं काहीतरी पुटपुटले. मग ती माझ्याकडे वळली. "जेवलीस का गो?" आणि उत्तराची वाट न बघता ताट भरून मोकळी झाली. मी टिकले. शाळा बंद होईपर्यंत तिथेच होते.

तरुणपणी ती मिठागरात कामाला होती. तिथे वाऱ्याच्या तोंडावर मिठाच्या एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत ओरडून बोलायचं, ती सवय तिची कधी गेली नाही. कानगोष्ट सांगायला ती माझ्या कानाशी यायची आणि चौथीच्या वर्गापर्यंत सगळ्यांना ती कळायची. दातांना मिशेरी, कमरेला घट्ट कासोटा, आणि तोंडात कुणाची ना कुणाची उणीदुणी. तांदूळ निवडताना ती तांदळालाही शिव्या द्यायची. पोरांना तर नाव घेऊन हाक मारल्याचं मला आठवत नाही. "ए करपलेल्या", "ए ढेकणा" अशीच सुरुवात व्हायची. पण एखादं पोर आलं नाही, की खिचडीचं पातेलं उतरवून ती आधी त्याच्या घरी. "मीठ आनि पोर," ती म्हणायची, "उन्हात घातल्याबिगर तयार व्हत नाय." आया पोरांना जपून घरात ठेवतात याचा तिला मनस्वी राग होता.

हा राग कुठून आला ते कळायला मला त्या गावची एक रीत समजून घ्यावी लागली. ती जमीन म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या भरवशावर गाव. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला बांध कधी कधी फुटतो. त्याला तिथे खांड पडली म्हणतात. खांड पडली की गावात हाळी उठायची, "घरटी एऽऽक!" म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस, हातात फावडं नाहीतर घमेलं घेऊन, ओहोटी आहे तोवर बांधावर. त्यात सबब नाही. ज्या घरचा माणूस उतरला नाही त्या घरच्या कार्याला गाव उभं राहायचं नाही. चांगूआयचा नवरा लवकर गेला. मुलगा दिनेश अंगावर पिणारा. घरात तिच्याशिवाय कुणी नाही. तरी पहिल्याच खांडीला ती पोराला पाटीत घालून बांधावर गेली, पाटी उंचावर ठेवली आणि चिखल वाहायला लागली. कुणीतरी म्हणालं, तू बाईमाणूस, तुला माफ आहे. त्यावर ती काय बोलली ते गावात अजून सांगतात, पण मला लिहिता येण्यासारखं नाही. पुढे हाळी देणारे म्हातारे वारले आणि हाळी तिच्याकडे आली. तिच्या गळ्याला दुसरं कुणी तोडीस तोड नव्हतंच.

आता शाळेचं सांगते. त्या वर्षी पहिलीला पोरं मिळेनात. कुणी मिठागरावर आईबापाबरोबर, कुणी "पुढल्या साली घालू" म्हणून घरी, कुणाला पेणच्या बसने न्यायचं चाललेलं. पट असाच उतरला तर शाळेवर गंडांतर येणार, हे सरांना दिसत होतं. सरांनी प्रभातफेरी काढली. झेंडे, घोषणा, पुढे सर, मागे पोरं आणि सगळ्यात मागे मी. चांगूआय शाळेच्या पायरीवर उभी राहून बघत होती. आम्ही गावाला वळसा घालून परत आलो तशी म्हणाली, "झाल्या का कोंबड्या हाकलून?"

त्याच दिवशी दिवस कलताना ती देवळाच्या चौथऱ्यावर चढली आणि बेंबीच्या देठापासून हाळी दिली. "घरटी एऽऽक!" मी गाडीसाठी निघाले होते, ती जागच्या जागी थबकले. एप्रिल महिना, आभाळ कोरडं ठाक, पण दारं धडाधड उघडली. कुणी जेवणावरून उठलेलं, कुणाच्या अंगात नुसती बनियन. फावडी, घमेली, टोपल्या घेऊन धावत सुटलेले लोक. सगळे देवळापाशी गोळा झाल्यावर एकाने विचारलं, "खांड कुठं पडली?"

"शालंत," चांगूआय म्हणाली. "फावडी ठेवा. पोरां आना."

लोक जाम भडकले. एकाने तर फावडं आपटलं. "आये, डोकं फिरलं का तुझं? म्हाताऱ्या बापाला टाकून धावत आलो मी!"

"मंग? बांध फुटला तर भात जातो, दुसऱ्या साली येतो. पोराचं साल गेलं तर तू काय परत पेरतस? घरटी एक पायजे. ज्याच्या घरचं येनार नाय त्याच्या घरी मी पन येनार नाय. लग्नाला नाय, मयताला नाय."

आता लग्न तिच्यावाचून झालंही असतं. पण त्या गावात मयताला चांगूआय नाही म्हणजे रडायला सुरुवात कोण करणार, असा प्रश्न होता. लोक शिव्या देत घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना घेऊन शाळेच्या ओट्यावर हजर. ज्यांचे आईबाप मिठागरावरून येऊ शकले नव्हते त्यांच्या जागी चांगूआय पालक म्हणून उभी राहिली. सर तिला अंगठा कुठे उठवायचा ते दाखवत होते आणि ती सरांना दाखवत होती की शाई कमी आहे.

या रीतीने घोटाळेही व्हायचे. गावाच्या टोकाला एक म्हातारं जोडपं राहायचं. घरात मूल नाही. लेक नागोठण्याला दिलेली. पण हाळी झाली, घरटी एक म्हणजे घरटी एक, आपलंच घर उणं कसं दिसायला द्यायचं, म्हणून त्या दोघांनी सुटीला आजोळी आलेली नात शाळेत आणून दिली. चांगूआयने तिचं नाव घालून टाकलं. शाळा सुरू झाली, पोरगी नेमाने यायची, पहिल्या ओळीत बसून कविता म्हणायची. आणि एक दिवस तिची आई तिला न्यायला आली, तर तिचं नाव इकडे आणि तिकडे नागोठण्याच्या शाळेत तिची शोधाशोध! केवढा गोंधळ. सरांच्या नाकी नऊ आले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, "चांगूआय, पाहुण्यांची पोरगी कशी घातलीस तू?"

"त्यात काय झालं?" ती म्हणाली. "बांधावर पावना पन उतरतो."

आम्ही हसत राहिलो. सर कागद दुरुस्त करत बसले. ती पोरगी जाताना रडत गेली, हे मात्र खरं.

पण तिचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. रंजना नावाची एक बाई होती. तिचा मोठा मुलगा पावसाळ्यात शाळेत येताना वाटेवरच्या ओढ्यात वाहून गेला होता, मी तिथे रुजू होण्याच्या आधी. धाकटी मुलगी सहा वर्षांची झाली तरी रंजना तिला उंबरा ओलांडू देईना. सर जाऊन आले, मी जाऊन आले. ती नुसती मान खाली घालून बसायची आणि मुलगी तिच्या पदराखाली. तिला काय सांगणार? मला तर तिच्या घरून निघताना शाळा नको नि काही नको असं वाटायचं.

चांगूआय गेली. मी बरोबर होते. मला वाटलं होतं ती दोन शब्द मायेचे बोलेल. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "सोड तिला."

रंजनाने मुलीला आणखी जवळ ओढलं.

"येक नेला पान्यानं. हिला तू नेतस. सोड म्हनते ना."

मला तिचा संताप आला. असं कुणी बोलतं का? रंजना हमसून हमसून रडायला लागली, आणि चांगूआयने त्या पोरीचा दंड धरून तिला ओढत बाहेर काढलं. मग ती थांबली. मागे वळून म्हणाली, "तू पन चल. तांदूळ निवडायला मानूस पायजेच हाय मना." त्या दिवसापासून रंजना शाळेच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायची, वर्गाच्या दाराकडे तोंड करून. बरेच महिने ती अशी बसली. हळूहळू घरी जायला लागली, मग एक दिवस आलीच नाही. चांगूआयने तेव्हा स्वतः सूप पुढे ओढलं. तिला बरं वाटलेलं दिसत होतं.

या सगळ्यात तिचं स्वतःचं एक दुखणं होतं. गावाकडून घरटी एक मागणाऱ्या बाईच्या घरचं शाळेत कुणीच नव्हतं. दिनेश मोठा झालेला, रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, वरसेला राहणारा. कुणी चिडलं की तिला ऐकवायचं, "तुझ्या घरचा एक कुठं हाय?" ती तेवढ्यास तेवढं उत्तर द्यायची, पण तिला ते लागायचं. मग तनू झाली. दिनेशची बायकोही पॅकिंगला कामाला जायची, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट, म्हणून सहा महिन्यांची तनू आजीकडे आली ती राहिलीच. तनू रांगायला शिकली ती शाळेच्या स्वयंपाकघरात. बोलायला लागली ती आजीच्याच पट्टीत. तिसऱ्या वर्षापासून ती पहिलीच्या ओळीच्या शेवटी बसायची, पाटी उलटी धरून. चांगूआय खिचडी ढवळता ढवळता दारातून वाकून बघायची. कामावरून डोळा काढून बघणं हे तिच्या स्वभावात नव्हतं, पण तनूपुढे तिचा स्वभाव टिकायचा नाही. "थांब जरा," ती टोमणे मारणाऱ्यांना सांगायची. "सहा पुरी व्हऊ दे. आमच्या घरचं येक येतंय."

तनू पाच वर्षांची असताना श्रावणातल्या उधाणाला खांड पडली. हाळी झाली. मी शाळेतच होते. मी वाट बघत होते ती दारं धडाधड उघडण्याची. थोडी उघडली. कितीतरी घरांना तोवर कुलपं लागलेली होती. कुणी पेणला, कुणी वडखळला, कुणी रोह्याला. जे उतरले ते सगळे डोक्यावर पिकलेले. चांगूआयने पुन्हा हाळी दिली, पुन्हा दिली. ओहोटी संपायच्या आत खांड बुजली नाही. पाणी आत आलं ते भातात शिरलं, भातातून विहिरीत. पुढच्या भरतीला खांड रुंदावली. विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. मग उरलेल्यांनीही आवरायला सुरुवात केली. दर आठवड्याला एखादं पोर दाखला मागायला यायचं, आणि त्याच्या आईला चांगूआयच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही. आमची शाळा एका वर्गखोलीत मावायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी दिनेश माझ्याकडे घरी आला. चहा घेतला नाही. बराच वेळ मोबाइल हातात फिरवत बसला, मग म्हणाला, "बाई, तनूला इथल्या शाळेत घालायचं म्हणतो. कागद काय काय लागतील?" मी कागद सांगितले. तो तरी उठेना. "तुम्ही सांगाल का आयला?"

"तुझ्या आईला तू सांग," मी म्हटलं.

"माझी पोर मला वळखते बाई," तो म्हणाला. "पन बाप म्हनून नाय. रविवारचा पावना म्हनून. पानी खारं, वाटेत साप, शाळेत तिच्या वयाचं कोन हाय सांगा. मी चुकतो का?"

तो चुकत नव्हता. दिनेश वाईट असता तर मला किती सोपं झालं असतं.

मधल्या वारी तो शिफ्ट संपवून सरळ शाळेतच आला. चांगूआय चुलीपाशी होती, मी वह्या तपासत ओट्यावर. रंजनाची मुलगी तेव्हा चौथीत होती आणि रंजना काही कामाने आली होती, तीही तिथेच.

"आय, तनूला घेऊन जातो."

"ने की. सोमवारच्या आत आनून सोड."

"तसं नाय. शाळेला. तिकडच्या."

चांगूआयने लाकूड आत सारलं. "शाला हितं हाय."

"आय, इथं पोरं किती ऱ्हायली?"

"एक गेलं का अजून कमी व्हतील."

"आय..."

"घरटी एक लागतो दिन्या. माज्या घरचा एकच हाय. सगल्या गावाच्या पोरांना मी वढून आनलं. आनि आता माज्याच घरचं..." तिला पुढे बोलता आलं नाही.

दिनेश खाली बघत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बांध गेला आय. घरंच नाय ऱ्हायली. तू घरटी कुनाची मोजतस?"

पातेल्यातून करपल्याचा वास यायला लागला तरी चांगूआय तशीच उभी. शेवटी रंजना उठली. चांगूआयच्या हातातला डाव तिने काढून घेतला आणि स्वतः ढवळायला लागली. तिने 'सोड' म्हटलं नाही. म्हणू शकली असती, आणि मला वाटतं चांगूआयही तेवढ्यासाठीच तिच्याकडे बघत होती. दिनेश उत्तर न घेताच गेला.

त्यानंतर काही दिवस ती सगळ्यांशी भांडली. सरांशी, तांदळाशी, सिलिंडर असूनही पेटवलेल्या त्या चुलीशी. माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी वरसेची. मग एके दुपारी भांडी पालथी घालून झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"तिकडची शाला कशी हाय?"

मी सांगितलं. मोठी आहे, मैदान आहे, नळाला गोडं पाणी आहे.

"पोरां?"

"पुष्कळ. प्रार्थनेची रांग फाटकापर्यंत जाते."

"मंग मैतरनी व्हतील तिला," ती म्हणाली आणि खाडीकडे तोंड करून बसली. तशीच पाठमोरी म्हणाली, "मीच घालीन. बाप शिफ्टला गेला तर ती कुनासंगती जाईल? माज्या हातानंच घालीन."

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिघी वरसेच्या शाळेत गेलो. चांगूआयने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं आणि तनूच्या डोक्याला इतकं तेल लावलं होतं की ते कपाळावर उतरलं होतं. तिथल्या मोठ्या बाई भल्या. "आजी, बसा," म्हणाल्या. आजी उभ्याच. नाव, गाव, जन्मतारीख झाली, कागद झाले. "पालक म्हणून तुमचं नाव घालू का?" बाईंनी विचारलं. आमच्या शाळेत तिने परक्यांच्या पोरांसाठी किती अंगठे उठवले होते. ती क्षणभर तनूकडे बघत राहिली.

"बापाचं घाला," ती म्हणाली. "तोच हाय आता."

निघताना ती दिसेना. मी शोधायला गेले तर स्वयंपाकघरात. तिथल्या मदतनीस बाईंच्या पातेल्यात बोट घालून, मीठ कमी आहे म्हणून त्यांच्याशी तंडत होती. त्या बिचाऱ्या तोंड उघडून बघत होत्या. मी पुढे होऊन हात धरला, तर तिने माझा हात झटकला आणि एकदम आवाज खाली आणून त्यांना म्हणाली, "बाय, माजी एक पोर येनार हाय पहिलीला. तनू नाव. तिला पातल भात लागतो. आनि ती मागत नाय. बघून वाढ."

त्या बाईंनी मान हलवली. "वाढीन हो," म्हणाल्या.

"बघून वाढ हां," ती पुन्हा म्हणाली.

दिनेशच्या घरी तनू नवं दप्तर पाठीला लावून या खोलीतून त्या खोलीत फिरत होती. दारात उभं राहून चांगूआय म्हणाली, "जाते गो मी." तनू म्हणाली, "बरं. उद्या ये." आणि दप्तराची चेन उघडून बघायला लागली. ती रडली असती तर कुणाला तरी तिला समजवावं लागलं असतं, त्यात वेळ गेला असता. तसं काही झालं नाही. मी चांगूआयला रोहा स्टेशनवर गाडीत बसवून देणार होते, पण मला तिला एकटी सोडवेना. मीही बसले. नागोठणं गेल्यावर, कासू यायच्या आधी ती म्हणाली, "त्या रंजनाला मी लय बोलले व्हते गो."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने या वेळी झटकला नाही.

त्यानंतर ती महिनाही राहिली नाही. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात ताप भरला, दिनेश येऊन घेऊन गेला, आणि भर पावसात वरसेला, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात ती गेली. मी गेले होते. रडायला सुरुवात कुणी करावी ते तिथे कुणाला कळत नव्हतं, म्हणून सगळे नुसतेच उभे होते. दिवाळीनंतर आमच्या शाळेची उरलेली मुलं शेजारच्या गावच्या शाळेत घातली आणि माझी बदली झाली. वरसेला तिला बघितलं ते मी धरत नाही. ती चांगूआय नव्हतीच. माझ्या लेखी मी तिला शेवटची बघितली ती शाळेच्या पहिल्या दिवशी.

सरांनी नेहमीप्रमाणे आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. जी काय चार टाळकी उरली होती त्यांना फुलं दिली. चांगूआयने शिरा केला होता. पहिलीची सतरंजी मी सवयीने अंथरली. तिच्यावर बसायला एकच पोर होतं, सरांच्या ओळखीने शेजारच्या वाडीवरून आलेलं. प्रार्थना झाली, मी हजेरी घ्यायला बसले, तेवढ्यात चांगूआय आत आली. पदराला हात पुसले, आणि पहिलीच्या सतरंजीवर, त्या पोराच्या शेजारी, मांडी घालून बसली.

पोरं फिसकन हसली. सरांना वाटलं, नेहमीची चेष्टा. "चांगूआय, ऊठ. शिरा थंड होतोय."

"थंड व्हऊ दे," ती म्हणाली. "आमच्या घरचं मानूस नको? घरात तरनं कुनी नसलं का म्हातारी बांधावर उतरते. मी उतरले."

तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. ती फळ्याकडे बघत होती, ताठ बसून. सर काही बोलायला गेले, मग चष्मा काढून ओट्यावर निघून गेले. मी नावं घ्यायला लागले. चौथीची झाली, तिसरीची झाली, दुसरीत एकच. पहिलीचं ते पोर "हजर" म्हणून ओरडलं आणि खूश होऊन तिच्याकडे बघायला लागलं. नावं संपली. मी हजेरी मिटली नाही, कारण ती वाट बघत होती. इतक्या वर्षांत मी तिला नुसत्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

"चांगुणा," मी म्हटलं.

"हाय," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पोरांना वाढायला गेली.